टेरॅरियममधील व्हीनस फ्लायट्रॅप: दिवा, पाणी आणि हिवाळ्याची विश्रांती

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: ठाण्यातील फ्लॅटमध्ये थेट ऊन येत नाही, म्हणून आपण मे महिन्यात आणलेला व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पानांच्या टोकाशी असलेल्या मिटणाऱ्या सापळ्यांनी कीटक पकडणारे झाड, दोन फूट लांब आणि एक फूट रुंद काचेच्या पेटीत, वर काचेचे झाकण ठेवून, पाच वॉटच्या एलईडी पट्टीखाली वाढवत आहात. ऑगस्ट संपत आला असताना त्याची नवी पाने लांबट, फिकट आणि लोळणारी झाली आहेत, सापळे लहान येत आहेत, जुने सापळे काळे पडत आहेत आणि आपण रॅकेटने मारलेले डास आत टाकले तरी सापळा दुसऱ्या दिवशी ते तसेच ठेवून उघडतो. पाणी घरच्या आरओ यंत्राचे आहे. दिवा कोणता लावावा, किती तास लावावा, झाकण ठेवावे की काढावे आणि हिवाळ्यात काय करावे, असे आपण विचारले आहे.

लांबट पाने, फिकट रंग आणि मंदावलेले सापळे ही तिन्ही लक्षणे उजेडाच्या तीव्र तुटवड्याची आहेत. झाकणामुळे आत कोंडलेली उष्ण, दमट हवा त्यात भर घालते आहे. कीटकभक्षी वनस्पती म्हटले की गर्द, अंधारे, सतत ठिबकणारे जंगल डोळ्यांसमोर येते आणि त्या कल्पनेवरूनच बंद टेरॅरियम, म्हणजे झाडांसाठीची काचेची पेटी, तयार केले जाते. या झाडाचे मूळ घर मात्र अगदी वेगळे आहे. अमेरिकेतील नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना या दोनच राज्यांत, विल्मिंग्टन शहराच्या आसपासच्या किनारी पट्ट्यात ते निसर्गतः उगवते. तिथे लांब सुयांच्या पाइन वृक्षांची विरळ माळराने आहेत, जमीन वाळू आणि पीट यांची, सदैव ओलसर आणि जवळजवळ निःसत्त्व असते आणि अधूनमधून लागणारे वणवे झुडपे जाळून जमिनीवर ऊन पोचू देतात. जिथे वणवे थांबवले गेले तिथे झुडपे माजली आणि त्यांच्या सावलीत हे झाड नाहीसे होत गेले. मूळ भूमीत जे झाड शेजारच्या झुडपाची सावली सहन करू शकत नाही, ते आपल्या दिवाणखान्यातील मंद उजेड सहन करील अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

आपल्याकडील उदाहरण पाहायचे असेल तर पावसाळ्यात कास पठारावर किंवा कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यावर उगवणाऱ्या दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती आठवून पाहा. दवबिंदू तर फ्लायट्रॅपच्याच कुळातील आहे. पातळ, निकस मातीचा थर, पायाशी पाणी आणि डोक्यावर मोकळे आकाश, अशाच जागी या वनस्पती वाढतात. जमिनीतून पुरेसे नत्र मिळत नाही म्हणून त्या कीटक पकडतात. त्यांचे अन्न तयार होते ते इतर कोणत्याही हिरव्या झाडासारखे उजेडातच. फ्लायट्रॅपच्या बाबतीत कीटक हे खत आहे आणि उजेड हे जेवण आहे, एवढे लक्षात ठेवले की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

आता उजेडाचा हिशेब करू. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) प्रकाश असतो. रात्री दिवे लावलेल्या खोलीत तो शंभर ते तीनशे लक्सच्या दरम्यान असतो आणि थेट ऊन न येणाऱ्या खिडकीलगत तो हजार-दोन हजारांपर्यंत जातो. आपल्या डोळ्यांची बाहुली आपोआप लहानमोठी होत असल्यामुळे हा प्रचंड फरक आपल्याला जाणवत नाही आणि पेटी ‘चांगली उजळलेली’ वाटते. घरात वाढणाऱ्या फ्लायट्रॅपला पानांच्या पातळीवर किमान पंधरा हजार आणि शक्यतो वीस ते पंचवीस हजार लक्स, रोज चौदा ते सोळा तास मिळायला हवेत. पांढऱ्या एलईडीसाठी वीस हजार लक्स म्हणजे बागायतीतील मापाने प्रति चौरस मीटर प्रति सेकंद ढोबळमानाने तीनशे मायक्रोमोल. हा उजेड पंधरा तास दिला तर दिवसाला सोळा मोल होतात. उन्हाळ्यातल्या उघड्या माळरानापेक्षा हे निश्चितच कमी आहे, पण झाड सुदृढ राहण्यास पुरेसे आहे.

आपली पाच वॉटची पट्टी साधारण चारशे ते पाचशे ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप; एक ल्युमेन एक चौरस मीटरवर पसरला की एक लक्स) देत असावी. पेटीचे क्षेत्रफळ सुमारे ०.१९ चौरस मीटर आहे. त्या पट्टीचा एकूण एक किरण झाडावर पडला असे धरले तरी अडीच-पावणेतीन हजार लक्सच्या वर जाता येणार नाही, म्हणजे गरजेच्या साधारण आठव्या हिश्श्याइतकेच. प्रत्यक्षात काचेतून, कडेने आणि वरून बराच उजेड बाहेर निसटतो. त्यामुळे आपल्या झाडाने पाने लांब करून दिव्याकडे धाव घेतली, यात त्याची काही चूक नाही.

महागडा ‘ग्रो लाइट’ घ्यायलाच हवा असे नाही. विजेच्या दुकानात मिळणाऱ्या दोन फुटी, दहा वॉटच्या एलईडी बॅटन आपल्या पेटीच्या लांबीला नेमक्या बसतात. अशी एक बॅटन साधारण हजार ल्युमेन देते. सहा बॅटन एका पांढऱ्या रंगवलेल्या फळीवर शेजारीशेजारी बसवल्या आणि त्यांचा दोन तृतीयांश उजेड जरी पानांवर पडला तरी वीस हजार लक्सच्या पुढे जाता येते. रंग ‘कूल डेलाइट’ म्हणजे ६५०० केल्विनचा किंवा ‘नॅचरल व्हाइट’ म्हणजे ४००० केल्विनचा, कोणताही चालतो. दोन्हींचे मिश्रण केल्यास उत्तम. लाल-निळ्या डायोडचे जांभळा उजेड देणारे दिवेही झाडाला चालतात, परंतु त्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही, मावा दिसत नाही, बुरशीची सुरुवात दिसत नाही, आणि ज्या झाडाची तब्येत रंगावरूनच ओळखायची आहे त्याच्यासाठी हा तोटा मोठा आहे. मी स्वतः पांढराच दिवा वापरतो आणि तोच सुचवतो. साठ वॉट रोज पंधरा तास म्हणजे दिवसाला ०.९ युनिट, महिन्याला सत्तावीस युनिट. हा खर्च आधीच मनाशी पक्का केलेला बरा.

दिवे पानांपासून पंधरा ते वीस सेंटिमीटर उंचीवर ठेवावेत. अंतर दुप्पट केले की उजेड निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो, म्हणून पेटी खोल असेल तर दिवे खाली आणणे शक्य नसल्यास कुंड्या उंच पाटावर ठेवाव्यात. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून पांढरा कार्डशीट लावला की निसटणारा बराच उजेड परत आत येतो. या स्वस्त उपायाचा परिणाम सर्वाधिक दिसतो. चालू-बंद करण्याचे काम टायमरवर सोपवावे, कारण माणूस विसरतो आणि झाडाला दिवसाची लांबी नियमित लागते. मोजमापासाठी लक्समीटर नसेल तर मोबाइलवरील लक्स मोजणारे ॲप चालेल. फोन पानांच्या उंचीवर, पडद्याची बाजू वर करून ठेवावा. आकडा ढोबळच मिळेल, परंतु अडीच हजार आणि वीस हजार यांतला फरक तो नक्की दाखवतो.

आकड्यांपेक्षाही खात्रीचे माप म्हणजे झाडाचे नवे पान. उजेड पुरेसा असेल तर नवे पान आखूड आणि ताठ येते, सापळा देठाच्या मानाने मोठा होतो आणि सामान्य जातीत त्याच्या आतल्या बाजूला गुलाबी ते गडद लाल रंग चढतो. उजेड कमी असल्यास सापळ्याची आतली बाजू हिरवीच राहते आणि देठ लांबत जातो. इथे एक सावधगिरी हवी: काही झाडे वसंतात जमिनीलगत रुंद देठाची पाने काढतात आणि उन्हाळ्यात अरुंद देठाची उभी पाने, आणि तो बदल नैसर्गिक असतो. उभे, कडक पान निरोगी. लांब, मऊ आणि स्वतःचे वजन न पेलणारे पान उपाशी, असा फरक करावा. आणखी एक लक्षात घ्यावे की कमी उजेडात घडलेले पान पुढे कितीही उजेड दिला तरी आखूड होत नाही, त्यामुळे परिणाम नव्या पानांवरच शोधावा. आपले झाड इतके दिवस मंद उजेडात होते, म्हणून सहाही बॅटन एकदम लावू नयेत. पहिले तीन-चार दिवस दोन, मग चार आणि दहा दिवसांनी सर्व, असे वाढवत न्यावे. अन्यथा कोवळी पाने करपतात.

झाकण आजच काढून टाका. दमट हवेची या झाडाला जितकी गरज सांगितली जाते तितकी ती नसते; मुळे ओली असतील तर पन्नास टक्के आर्द्रतेतही ते उत्तम वाढते आणि ठाण्यासारख्या खाडीकाठच्या शहरात वर्षातील बहुतेक काळ हवा त्याहून दमट असते. झाकलेल्या पेटीत दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे दिव्याची उष्णता कोंडली जाते. साठ वॉटचे दिवे बंद काचेवर लावले तर खोलीत तीस अंश असताना आतले तापमान सहज चाळीशीकडे जाऊ शकते. दुसरी म्हणजे हवा साचून मेलेल्या पानांवर करडी बुरशी धरते आणि ती तिथून कंदाच्या मध्यभागी, जिथून नवी पाने फुटतात, तिथे उतरते. पेटी वरून पूर्ण उघडी ठेवून संगणकातील बारा व्होल्टचा लहान पंखा कडेला असा लावावा, की पाने जेमतेम हलतील आणि सापळ्यांवर थेट झोत येणार नाही. काचेच्या पेटीचा उपयोग मग कुंड्या एकत्र ठेवणे, पाण्याचा ट्रे सांभाळणे आणि मांजरापासून किंवा लहान मुलांच्या बोटांपासून संरक्षण करणे एवढाच उरतो, आणि तेवढा पुरेसा आहे.

उष्णतेबद्दल सांगायचे तर दिवसा तीस-बत्तीस अंश या झाडाला मानवतात. त्याच्या मूळ भूमीतही उन्हाळा कडक असतो. त्रास होतो तो एप्रिल-मेमध्ये, जेव्हा रात्रीही खोली थंड होत नाही. त्या दिवसांत टायमरवर दुपारचे चार-पाच तास दिवे बंद ठेवावेत आणि ते तास पहाटे व संध्याकाळी भरून काढावेत. बॅटनची चालक यंत्रणा (ड्रायव्हर) वेगळी असेल तर ती पेटीच्या बाहेर ठेवावी आणि कुंडी काळीऐवजी पांढरी वापरावी, म्हणजे मुळे तुलनेने थंड राहतात.

पाण्याच्या बाबतीत ‘आरओचे पाणी’ एवढ्यावर समाधान मानू नका. घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते, त्यामुळे नळीतून येणारे पाणी कधी वीस टीडीएसचे (टीडीएस म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) असते तर कधी दीडशेचे. दोन-तीनशे रुपयांचे टीडीएस मीटर घेऊन मोजा. पन्नासच्या खाली असल्यास निर्धास्तपणे वापरा, पन्नास ते शंभर असल्यास काही काळ चालवून घ्या, त्यापुढे असल्यास वापरू नका. कारण समजून घेतले तर हा कडकपणा पटेल. समजा, पाण्यात लिटरला शंभर मिलिग्रॅम क्षार आहेत आणि कुंडीतून रोज शंभर मिलिलिटर पाणी उडून जाते. पाणी उडते, क्षार मागे राहतात: दिवसाला दहा मिलिग्रॅम, वर्षाला साडेतीन ग्रॅमहून अधिक, आणि तेही अर्ध्या लिटरच्या कुंडीत. निःसत्त्व मातीसाठी घडलेल्या मुळांना हे सहन होत नाही. मुंबई-ठाण्याला तलावांचे जे पाणी येते ते पुष्कळदा मृदू असते, पण अनेक सोसायट्यांच्या टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळलेले असते, तेव्हा शेजारच्या इमारतीतील अनुभवावर विसंबू नये.

सर्वांत चांगले पाणी आपल्याकडे चार महिने आकाशातून फुकट पडते. पहिल्या दोन-तीन जोरदार सरी छपरावरची धूळ धुण्यासाठी सोडून द्याव्यात, पुढच्या पावसाचे पाणी खाद्यपदार्थांसाठीच्या स्वच्छ पिंपात भरावे आणि डास होऊ नयेत म्हणून तोंडावर दाट कापड घट्ट बांधून अंधारात ठेवावे. एका कुंडीला रोज शंभर मिलिलिटर धरले तरी पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांना पंचवीस लिटर पुरतात. कुंडी एका उथळ ट्रेमध्ये ठेवून ट्रेमध्ये एक ते दोन सेंटिमीटर पाणी ठेवावे, ते जवळजवळ संपले की पुन्हा भरावे. कुंडी सदैव पाण्यात अर्धी बुडालेली ठेवल्यास कंद कुजतो. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी ओतून साचलेले क्षार खालून वाहून जाऊ द्यावेत.

माती हा शब्द इथे खरे तर वापरूच नये. स्फॅग्नम पीट मॉस (दलदलीतील कुजलेले शेवाळ) आणि पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) समप्रमाणात, किंवा पर्लाइटऐवजी धुतलेली, चुनाविरहित सिलिका वाळू, किंवा नुसता लांब धाग्यांचा स्फॅग्नम मॉस, यांपैकी काहीही चालते. बागेतील माती, शेणखत, गांडूळखत, नीमपेंड, कोणतेही मिश्रखत यांचा चिमूटभरही अंश नको. नर्सरीत ‘पीट’ म्हणून पुष्कळदा कोकोपीट हातात दिले जाते, त्यावर लक्ष ठेवा. नारळाच्या सोडणापासून बनलेल्या त्या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते नीट धुऊन निघतीलच याची खात्री देता येत नाही. मुळे काळी, विरळ आणि सरळ खाली जाणारी असतात, म्हणून कुंडी किमान दहा-बारा सेंटिमीटर खोल, प्लास्टिकची आणि तळाला भोके असलेली असावी. मातीची कुंडी क्षार सोडते. टेरॅरियमच्या तळाशी थेट लागवड करू नये, कारण तिथून पाणी बाहेर जायला वाट नसते.

डासांचे कोडे आता सुटेल. सापळ्याच्या प्रत्येक पाकळीच्या आत डोळ्यांनी जेमतेम दिसतील असे साधारण तीन ताठ केस असतात. पेटीतला दिवा कडेने पडला की ते चांगले दिसतात. सुमारे वीस सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला तरच सापळा मिटतो, आणि मिटतो तो सेकंदाच्या अगदी लहान अंशात. परंतु हे मिटणे अर्धेच असते. कडेचे दात एकमेकांत अडकतात, त्यांच्यामध्ये फटी राहतात आणि लहानसा जीव त्यांतून निसटू शकतो. मोठा कीटक आत धडपडत राहिला, केसांना पुन्हा पुन्हा स्पर्श होत राहिला, तरच कडा घट्ट बंद होऊन पाचकरस सुटू लागतो. रॅकेटने मारलेला डास मेलेला असतो म्हणून हलत नाही, आणि फार लहानही असतो. सापळा तो ‘रिकामा’ धरून उघडतो. अशा निष्फळ मिटण्यात झाडाची शक्ती वाया जाते, म्हणून पाहुण्यांना दाखवण्यासाठी सापळ्यांना बोट लावणेही बंद करावे.

खाद्य द्यायचेच असेल तर सापळ्याच्या एक तृतीयांश आकाराचा कीटक द्यावा. घरात कीटक मिळत नसल्यास माशांच्या दुकानात मिळणारे सुके ब्लडवर्म (माशांना खाऊ घालायच्या लाल अळ्या) शुद्ध पाण्याच्या थेंबात भिजवून त्यांची मसुराएवढी गोळी करावी, चिमट्याने आत ठेवावी आणि सापळा मिटल्यावर मऊ कुंचल्याने दोन्ही पाकळ्या बाहेरून हलकेच, थांबून थांबून, मिनिटभर दाबत राहाव्यात, म्हणजे आतले केस हलतात आणि पचन सुरू होते. दुसऱ्या दिवशी कडा एकमेकींना चिकटून त्यांची बारीक सरळ रेषा झालेली दिसली की काम झाले असे समजावे. पाच ते बारा दिवसांनी सापळा उघडतो. महिन्यातून एका झाडाच्या एक-दोन सापळ्यांना एवढे पुरे. चिकन, पनीर, अंडे यांतले काहीही देऊ नये. चरबी पचत नाही आणि सापळा आतून सडतो. उजेड कमी असताना तर खाऊ घालूच नये, कारण पचनासाठी लागणारी शक्तीही झाडाला उजेडातूनच मिळवावी लागते. आपल्या झाडाला पुढचे सहा आठवडे काहीही देऊ नका.

फुलाचा दांडा आला आणि झाड अशक्त असेल तर तो पाच-सहा सेंटिमीटरचा असतानाच कापून टाकावा. बी हवे असेल तरच तो वाढू द्यावा.

आता हिवाळा. घरात वाढवणारे सर्वाधिक इथेच चुकतात, कारण दिव्याखाली सगळे ऋतू सारखेच वाटतात. कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर थंडीत रात्री पारा कधीकधी शून्याखाली जातो आणि झाड तीन-चार महिने वाढ जवळजवळ थांबवून कंदात साठवलेल्या अन्नावर राहते. ही विश्रांती वर्षानुवर्षे नाकारली तर सापळे दर वर्षी लहान होत जातात आणि शेवटी झाड वसंतात उठतच नाही. एखाद्या हिवाळ्यात विश्रांती चुकली म्हणून निरोगी झाड मरत नाही, हेही तितकेच खरे आहे. पुणे-नाशिककडच्या वाचकांना डिसेंबर-जानेवारीत बाल्कनीतील रात्री दहा-बारा अंशांपर्यंत मिळतात, त्यांनी दिवे बंद करून कुंडी बाहेर ठेवावी, एवढ्यावर भागते. ठाण्यात तशी थंडी मिळत नाही, त्यामुळे फ्रिज हाच मार्ग उरतो.

त्याची तयारी ऑक्टोबरच्या मध्यापासून करावी. खाद्य बंद करावे आणि टायमर दर आठवड्याला पाऊण-एक तासाने कमी करत डिसेंबरच्या सुरुवातीला नऊ तासांवर आणावा. नवी पाने आखूड आणि कमी येऊ लागली की झाडाला इशारा मिळाला आहे असे समजावे. मग झाड कुंडीतून काढून कंद शुद्ध पाण्यात धुवावा, काळी पाने बुडापासून काढावीत. निरोगी कंद पांढरट, कडक आणि कांद्याच्या पातीच्या बुडासारखा दिसतो. लांब धाग्यांचा स्फॅग्नम मॉस भिजवून मुठीत घट्ट पिळावा, इतका की आणखी दाबले तरी थेंब पडू नये, त्यात कंद गुंडाळून झिपच्या पिशवीत घालावा आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, मागच्या थंड भिंतीला टेकणार नाही असा ठेवावा. तापमान चार ते सात अंश असावे. एक साधा थर्मामीटर दोन दिवस कप्प्यात ठेवून आधीच तपासावे. पंधरवड्याने पिशवी उघडावी, हवा बदलू द्यावी, पांढरा किंवा करडा केसाळ थर दिसला तर तेवढे पान काढून बुरशीनाशकाचे सौम्य द्रावण शिंपडावे. इतक्या थंडीत उजेडाची गरज पडत नाही. दहा ते बारा आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या अखेरीस, ताज्या मिश्रणात लावून दिवे अकरा तासांपासून सुरू करावेत आणि महिनाभरात पंधरांवर न्यावेत.

आपल्या झाडाला हा उपचार याच वर्षी द्यावा का, हे नोव्हेंबरच्या अखेरीस कंद पाहूनच ठरवा. तो हरभऱ्यापेक्षा मोठा आणि कडक असेल तर फ्रिजमध्ये ठेवण्यास हरकत नाही. त्याहून लहान किंवा मऊ असेल तर त्याच्याकडे तीन महिने पुरेल इतका साठा नाही. अशा झाडाला या हिवाळ्यात घरातील सर्वांत थंड खोलीत, दहा तासांच्या उजेडात, कमी पाण्यावर ठेवावे आणि खरी विश्रांती पुढच्या वर्षी द्यावी. ऊतिसंवर्धनातून (टिश्यू कल्चर) आलेल्या लहान रोपांनाही हाच नियम लावावा. दुसरे झाड घ्यायचे झाल्यास ऊतिसंवर्धित रोपच मागून घ्या. मूळ भूमीतून झाडे चोरण्याचा धंदा इतका वाढला होता की नॉर्थ कॅरोलायनाने २०१४ मध्ये त्याला गंभीर फौजदारी गुन्हा ठरवले.

तूर्त करायची कामे या क्रमाने करा: आज झाकण काढा आणि पाण्याचा टीडीएस मोजा, या आठवड्यात बॅटन आणि टायमर बसवा, पूर्ण काळी झालेली पाने बुडापासून कात्रीने कापा. अर्धवट हिरवे पान मात्र कापू नका, ते अजून काम करते आहे. एकेक सापळा तीन-चार वेळा पचन झाल्यावर काळा पडणे स्वाभाविक आहे. काळजी करायची ती मधला कोंब काळा पडला तरच. नवी पाने वेडीवाकडी, मुरडलेली येऊ लागली तर भिंगाने कोंबाजवळ मावा शोधा आणि सापडल्यास कुंडीसकट झाड दोन दिवस शुद्ध पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, त्याने झाडाला अपाय होत नाही. दिवे बसल्यापासून साधारण पाच-सहा आठवड्यांनी मधून येणारे तिसरे-चौथे पान आखूड आणि त्याचा सापळा आतून गुलाबी दिसू लागला पाहिजे. तसे न झाल्यास कुंडी दिव्याच्या पाच सेंटिमीटर आणखी जवळ न्या आणि लक्स पुन्हा मोजा. फेब्रुवारीत कुंडी बदलताना एकाच्या जागी दोन-तीन कंद चिकटलेले आढळले, तर प्रत्येकाला स्वतःची मुळे असल्याची खात्री करून ते हाताने वेगळे करा आणि स्वतंत्र कुंड्यांत लावा. आपल्या पेटीत सहा बॅटनखाली दहा-बारा सेंटिमीटरच्या आठ कुंड्या आरामात मावतात.